कूलरच्या पलीकडलं नेट

३ मे २०१०, सोमवार
माझ्या आरतीचा फोन आला, अमरावतीहून! चारच मिनिटं. पण बोलली!
"दुसऱ्या वर्षाले परत घ्याचा फॉर्म नेटवर आला, गजू. वीस तारीख शेवटची. भरला तर मी आहे. नाही भरला तर मले फोन करू नको."
मी म्हटलं, मले त्यांनी काढून टाकलं असंन आतापर्यंत.
"ते मले नको सांगू. फॉर्म भर."
फॉर्ममध्ये म्हणे एक चौकट आहे — 'महाविद्यालय सोडण्याचे कारण'. काय लिहू तिथं? कॉलेजच्या ऑफिसातले जानरावजी तिसऱ्यांदा 'उद्या या' म्हणाले म्हणून मी रजिस्टर फेकून मारलं, त्यांच्या कपाळाला तीन टाके पडले, आणि त्याच संध्याकाळी मी अमरावतीहून अकोल्याला पळून आलो? नऊ महिने झाले. माफी मागावीच लागेल.

५ मे
नेट कॅफेत बसून लिहिणार नाही. जवळच्या कॅफेवाल्याशी मार्चमध्ये भांडलो (चूक माझीच). स्टेशनजवळच्या कॅफेत मागं तीन जण उभे राहून वाचत असतात. माफी काय अशी मागतात?
घरी कॉम्प्युटर आहे. नेट नाही. नेट आहे शेजारी, अब्दुल रहीम चाचांकडे. शेतीच्या मोटारींचं दुकान आहे त्यांचं. दोन वर्षांत नवी मोटर मागायला फारसं कोणी आलं नाही, तरी नेट त्यांनी चालू ठेवलं. मुलगा शाहनवाज शारजाला असतो, त्याचा चेहरा दिसतो म्हणून.
पासवर्ड कसा मागावा याची रस्ताभर तयारी करत गेलो. रस्ता म्हणजे काय, दहा पावलं! चाचांनी वहीचं पान फाडून स्वतःच लिहून दिलं.
"ले बेटा. पण याच्यावर कोणासोबत झगडा करू नको."
पैशांचं विचारलं तर माझ्यावरच रागावले. ते असे, अन् मी असा.

६ मे
नुसता पासवर्ड घेऊन काय करू! आमच्या कॉम्प्युटरच्या डब्याला वायरलेस नाहीच. अ‍ॅडाप्टर घ्यावा लागेल.

८ मे
गुलफामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दोन प्रकार निघाले. एक कार्ड, कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं, मागून बोटभर अँटिना. दुसरा यूएसबीवाला, लांब वायरवर कुठंही टांगता येतो. गुलफाम विचारत बसला — कॉम्प्युटर कुठं ठेवला, भिंत कशाची, खिडकीत काय आहे.
माझं डोकं सटकलं. "तू विक नं बावा! मले काहून शिकवून राहिला?"
कार्ड घेतलं. आतलं ते मजबूत असणार, असा आपला हिशेब.

९ मे
कार्ड बसलं. चाचांच्या नेटचं नाव दिसलं! मी ओरडलो. आई पोळ्या टाकून धावत आली, "शॉक लागला काय रे?"
पण सिग्नलची एकच दांडी. दुपारी तीही गेली.

११ मे
सकाळी तीन दांड्या, दुपारी शून्य. कालही तेच! मनात आलं, चाचा दुपारी मुद्दाम बंद करतात. तरातरा गेलो विचारायला. दारात चाचींनी पन्ह्याचा ग्लास हातात दिला. "धूप में कायको फिरता रे?" पन्हं प्यायलो अन् तोंड मिटून परत आलो. वाचलो. काय बोलून बसणार होतो मी!

१३ मे
शून्य. आरतीची फार आठवण येते.

१४ मे
गुलफामकडे गेलो. "त्या दिवशी चुकलं माझं," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं हे कोणाला, बहुतेक. तो हसला अन् भर उन्हात स्कूटरवर माझ्या मागं बसला. खोलीत शिरला, खिडकीकडे पाहिलं अन् खालीच बसला हसत.
"भाऊ! चाचांचं घर तिकडं, तुमचा कॉम्प्युटर इकडं, अन् मधात हा पत्र्याचा कूलर. साठ लिटर पाणी भरेल! सिग्नल काय पोहत येईन?"
सकाळी टाकी रिकामी असते. अकराला आई नळी लावून भरते. म्हणून दुपारी शून्य!
मी लगेच कूलर ओढायला लागलो. आई कमरेवर हात ठेवून उभी — "चव्वेचाळीस डिग्री आहे बायेर. कूलर हालला तर तू बी घराबायेर!"
गुलफाम म्हणाला, "कूलर राहू द्या काकू. भाऊले थंडाव्याची गरज आहे."
हेच दोन दिवसांआधी कोणी बोललं असतं तर मी कॉलर धरली असती. आज मीही हसलो.
कार्डाचा खोका मी रागात फाडला होता, तरी त्यानं परत घेतलं. यूएसबीवाला दिला, पाच मीटर वायरचा. दारावरच्या झरोक्यात बांधला. चार दांड्या. कूलर चालू!

१६ मे
फॉर्म भरला. त्या चौकटीत आठ वेळा लिहून खोडलं. शेवटी एवढंच: 'माझ्या रागामुळे जानरावजींना लागले. मी त्यांना न भेटता पळून गेलो. मला माफ करावे.' पाठवलं.
आरतीला सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवला अन् त्या झरोक्याकडे पाहिलं. चाचा, चाची, गुलफाम, आई — मी कोणाचं काय केलं होतं? सगळ्यांवर ओरडलोच तर होतो.

२१ मे
उत्तर नाही. दिवसातून वीसदा मेल उघडतो.

२४ मे
कॉलेजचं उत्तर आलं. 'आपणास काढण्यात आलेले नव्हते. आपल्याविरुद्ध तक्रार नाही. श्री. जानराव यांनी त्याच दिवशी लेखी दिले होते की, रजिस्टर फळीवरून पडून त्यांना दुखापत झाली.'
टाके पडल्यावर लिहिलं त्यांनी ते. त्याच दिवशी! आणि मी नऊ महिने इथं लपून होतो, कोणीच शोधत नसताना.
उद्या सकाळच्या गाडीनं अमरावती. आरतीला अजून कळवलं नाही. आधी जानरावजींच्या घरी जाणार.