चुना फासलेला चिरा

भाट्ये, २२ सप्टेंबर १९८६

प्रिय भिकू,

तुमची एसटी वळणाआड गेली आणि घर एकदम ओकंबोकं झालं. तुझी कमळा सगळं आवरून जाते म्हणत होती, मीच नको म्हटलं. सणानंतरचा पसारा मला माझ्याच हातांनी काढायचा असतो. केळीची पानं गोठ्यात गेली, नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीपाशी. गणपतीवरच्या मंडपीला बांधलेलं तवसं, ती मोठी काकडी, कापून बी राखेत घोळवलं. मिठाईच्या खोक्यांत आता वाती राहतील. फक्त तुझ्या त्या थर्माकोलच्या मखराचं काय करावं ते कळेना. चुलीत तुकडा घातला तर काळा धूर आणि घाण वास, पुरावं तर कुजायचं नाही. त्याचे पांढरे दाणे अंगणभर उडतात आणि कोंबड्या टोचायला धावतात. गोणीत भरून ठेवलंय, येशील तेव्हा परत ने. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू?

मागच्या पडवीतल्या कचऱ्यात चुन्याने माखलेला एक पत्र्याचा डबा निघाला. वाटलं, कमळाने रांगोळीसाठी काही कालवलं असेल. मग सुंभाचं भलंमोठं भेंडोळं निघालं, आणि टोकं तासलेल्या खुंट्या. आपण मांडव तर घातला नव्हता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, मी अशीच बावळट. कामाला येतील म्हणून सगळं बाजूला ठेवलं.

निर्माल्य आईच्या माडाच्या मुळाशी घालायचं, हे आईपासूनचं. टोपली कोणी उचलायची यावरून आपण झिंज्या उपटायचो. मुंबईला लागलास तरी ते काम तू कधी सोडलं नाहीस. या वर्षी मात्र निघताना म्हणालास, अक्का, गुडघा दुखतोय, तूच टाक. विसर्जनाला समुद्राच्या पुळणीवर नाचत होतास की! म्हटलं, नाचूनच दुखला असेल.

टोपली घेऊन नारळीच्या आगरात गेले, तर खड्डा काढायचा तिथेच चिरा पुरलेला. वर ताजा चुना. असेच आणखी चिरे थेट विहिरीपर्यंत. आईचा माड, विहीर, सगळं चांगलं आगर त्यांच्या पलीकडे. नारळ पाडायला आलेला शिवा म्हणाला, "दादानं गौरीच्या दिवशी मोजणी केलीन ना? घेणारा पण आला होता. मला वाटलं, तुला म्हायती हाय."

म्हणजे दर्शनाला आलेले ते तुझे मुंबईचे मित्र! त्यांचा चहा टाक म्हणालास. मी चहाबरोबर घावनंही केली, एकाला आग्रह करून वाढलं. माझ्या पायाखालची जमीन मोजून आलेल्यांना मी पोटभर खायला घातलं आणि तू समोर बसून बघत होतास. भिकू, जमिनीपेक्षा हे जास्त लागलं रे. कुंकू पुसून मी परत आले तेव्हा गणपतीपुढे उभा राहून तूच म्हणाला होतास, आगर तुझं, अक्का, तू जगेपर्यंत. मी मागितलं नव्हतं. याच नारळांवर माझी चूल पेटते, हे तुला ठाऊक आहे. अडचण सांगितली असतीस तर रडले असते, भांडले असते, कदाचित कबूलही झाले असते. तू मला विचारलंसुद्धा नाहीस.

दिवाळीला कसल्याशा कागदावर माझी सही लागेल, असं कमळा जाता जाता बोलून गेली. तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. आता कळलं, म्हणून हे पत्र. सही मिळणार नाही. शिवाकडून चिरे उपटून घेतले आणि त्या खड्ड्यात निर्माल्य घातलं. आपल्या घरात काही वाया जात नाही. डब्यात तवशाचं बी ठेवलंय, सुंभावर कपडे वाळतात, एका खुंटीला वासरू बांधलंय. आईच्या माडाजवळचा चिरा पायरीशी मांडलाय, पाय घासायला चांगला खरखरीत आहे. पुढच्या गणपतीला ये, दार उघडंच असेल. आधी त्या चिऱ्यावर उभा राहून पाय धू, मग घरात ये.

तुझीच,
तुळसाक्का