ग्रॅनाइटचा ओटा

अर्विंग, टेक्सास
१४ मार्च २०२५

चि. इला,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी फक्त सूचना देते असं तुझं म्हणणं आहे, म्हणून पत्र लिहिते. माझा गुडघा ठीक आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेतेस ना? ही सूचना नाही, चौकशी आहे.

गाडीमागे ओढत न्यायचा, आत राहायची सोय असलेला तो ट्रेलर तयार झाला. एकोणसत्तर सालचा, सोळा फुटी, तुझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. घेतला तेव्हा मागच्या कोपऱ्यात पाय ठेवला की जमीन खचायची. खिडकीच्या जुन्या रबरातून कित्येक वर्षं पाणी झिरपत होतं. सगळं कुजकं प्लायवूड उपटलं, सांगाडा घासून रंगवला, वायरिंग नवं केलं, टपावर सोलर बसवलं. जड कामाला शेजारचे हेक्टर आले. ते निवृत्त ट्रकचालक आहेत. पत्रे जोडणारे रिव्हेट मात्र सगळे मी मारले. सदुसष्टाव्या वर्षी हाताला घट्टे पडलेत आणि ते मी लोकांना दाखवत फिरते.

आता ओट्याचं.

डिसेंबरात तुला फोटो पाठवला होता. ट्रेलरच्या मागच्या टोकाला ग्रॅनाइटचा ओटा. कणीक मळायला ओटा दगडीच हवा, हे मी धरूनच चालले होते. तू एका ओळीचं उत्तर दिलंस, "ताई, हे घर नाही, गाडी आहे." मला तो टोमणा वाटला. मी उत्तर दिलं नाही.

गेल्या शनिवारी पहिल्यांदा हायवेवर काढला. ताशी पन्नास मैलांचा वेग गाठला आणि मागे ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला. तो ओढणारा माझा पिकअप ट्रकसुद्धा हलत होता. हेक्टर शेजारी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, ब्रेक दाबू नका, फक्त पाय उचला. मी उचलला. कडेला थांबल्यावर त्यांनी ट्रेलरचं दार उघडलं, ओट्यावर टकटक केलं आणि विचारलं, "तुम्ही कॉलेजात काय शिकवायचात म्हणालात?"

"फिजिक्स."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मागे वजन जास्त झालं की गाडी झोके घेणारच. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. तुझं ऐकलं नाही, कारण ते तू म्हणाली होतीस.

असंच आणखी एकदा झालं. दोन वर्षांपूर्वी, तुझा घटस्फोट झाल्यावर, तू तुझ्या गावाहून, पिस्कॅटवेहून, फोन केलास. "ताई, तुझ्याकडे येऊन राहू का?" मी म्हणाले, चार दिवस पाहुणी म्हणून ये. तू बरं म्हणालीस आणि आली नाहीस. इला लॅबच्या कामात आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या घरात तीन बेडरूम आहेत. वस्तू जिथल्या तिथे राहाव्यात, एवढंच कारण होतं. याहून बरं कारण शोधलं, सापडलं नाही. चूक माझी होती.

तो दगड आता अंगणात आहे. हेक्टरच्या बायकोने त्यावर कुंड्या मांडल्यात. नवा ओटा पातळ प्लायवूडचा केला. कणीक मळताना हलतो. चालेल.

एप्रिलात ऑस्टिनच्या पलीकडे जाते आहे. रस्त्याच्या कडेला निळी फुलं असतात तेव्हा. तारीख मी ठरवलेली नाही, तू ठरव. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

ट्रेलरमध्ये दोन पलंग आहेत. हेक्टर म्हणत होते, दुसरा घडीचा करा, एरवी भिंतीला लावून ठेवता येईल, जागा मोकळी राहील. मी नको म्हटलं. तो स्क्रूने जमिनीत पक्का बसवला आहे. लांबी तुझ्या मापाची, उशाशी खिडकी, तिचं रबर नवं.

पाहुणी म्हणून येऊ नकोस.

तुझी
ताई