नंदिनीचा ताबा

१४ नोव्हेंबर
माझी पहिली केस! तेलंगणातल्या कोर्टाचा हुकूम — नंदिनीले बापाकडे, मंचेरियालले द्या. आठ वर्षांची पोरगी. हुकूम बजावाचा कागद इथल्या कोर्टात आला, तवा तिच्या मायले, आमच्या शेजारच्या सत्यशीलाबाईले समजलं का तिकडं केस झाली. नोटीस बंद दारावर चिकटवून गेले होते. मायलेकी तवा खम्ममकडं मिरची तोडाले. अर्धं गाव जाते.

माझे सिनियर श्रीहरी सर म्हणे आधी तिकडच्याच कोर्टात जा लागते. मी म्हटलं, नाई सर, इथीच लढू!

१६ नोव्हेंबर
एफिडेव्हिट झालं. नुसतं ‘घरी नव्हती’ कोरडं वाटते. थोडा इमोशनल टच दिला — दोघी शेतात ताडपत्रीखाली झोपे, पोरगी शाळा सोडून मायसोबत मिरच्या तोडे. इंग्रजीत मस्त उतरलं. बाईले म्हटलं, समजावून सांगू का? “तू लिवलं मंजे बरोबरच असन, बाबू.” सही केली.

२५ नोव्हेंबर
बापाच्या वकिलानं माझाच पॅरा वाचला. मोठ्यानं. म्हणे पाहा साहेब, शाळा बुडवून पोरीले कामाले लावते, माय सोताच सांगते.

जजसाहेब म्हणाले, हुकूम बरोबर का चूक ते मी पाहू शकत नाई, ज्या कोर्टानं दिला तिथी जा. पुढच्या तारखेले पोरगी हजर करा.

बाहेर बाई हळूच म्हणाली, “सारेच नेतात ना लेकरं. एकटी कुठी ठेवू? तू असं लिवलं का चोरी केल्यावानी वाटलं.”

मले वर पाहाता आलं नाई.

२६ नोव्हेंबर
सर रागावले नाई — तेच जास्त लागलं. ते तिकडच्या कोर्टात हुकमावर स्टे मागाले चालले. मले म्हणे, बाईले सांग, घाबरू नको, तारखेपर्यंत थांब.

सांगतो म्हटलं.

२८ नोव्हेंबर
गेलो नाई. तिच्या दारावरून जा लागते म्हणून मागच्या गल्लीनं फिरून येतो.

३० नोव्हेंबर
बाईचा फोन. दोनदा. उचलला नाई. काय तोंडानं बोलू?

२ डिसेंबर
स्टे भेटला! बंद दारावरची नोटीस तिकडच्या कोर्टानं मानली नाई. केस नव्यानं चालन, तवरक पोरगी मायजवळच. पळतच बाईकडं गेलो.

एकटीच बसून होती.

“पोलिस आणून ओढत नेतीन वाटलं. कालच देऊन आली मी तिले. देऊ का नको, तेच इचाराले फोन लावला होता, बाबू.”