कोणाच्या पायांवर

नांदेड,
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उर्वी हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पहिल्या ओळीत 'येथील सर्व क्षेम' असे लिहिण्याची रीत आहे आणि पहिल्याच ओळीत खोटे लिहू नये अशी माझी शिस्त आहे. दोहोंचा मेळ बसत नसल्यामुळे ते वाक्य गाळले आहे. तुझा लातूरचा पत्ता तोच असेल असे गृहीत धरतो. तू माझा फोन घेत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. मला तुला एक प्रश्न विचारावयाचा आहे. तो पत्राच्या अखेरीस येईल. कारण आधीचे सारे कळल्याशिवाय तो तुला उद्धटपणाचा वाटण्याचा संभव आहे.

मला मूत्रपिंडाचा विकार झाला आहे.

आरंभ आषाढात झाला. शौचकूपात फेस दिसू लागला. साबणाचा असावा तसा, पाणी ओतले तरी न विरणारा. दोष मी गुरम्मावर ठेवला. (गुरम्मा तुला ठाऊक नाही. ती देगलूरकडची असून तुझी आई गेल्यापासून स्वयंपाकास व झाडलोटीस येते.) "तू पूड फार टाकतेस," असे मी तिला बजावले.

"पूड कुठली, सर? डबा सरून महिना झाला. आणा म्हणून तुम्हालाच सांगून राहिले," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून पाहत, "आन् तोंड बघा की जरा आरशात. डोळ्याखाली कसं भज्यावाणी फुगलंय."

'वाणी' हे शब्दयोगी अव्यय प्रमाण लेखनात चालत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "ते राहू द्या. दवाखान्यात जावा आधी."

मी गेलो नाही. श्रावणात पाय वहाणेत मावेनात. नडगीवर बोट दाबले की खळगा पडे व बराच वेळ तसाच राहे. तेव्हा वजिराबादेत डॉ. श्रीनाथ यांच्याकडे गेलो. हे मूत्रपिंडाचे तज्ज्ञ, मूळचे लोह्याचे, वयाने तुझ्याएवढेच. त्यांनी दिवसभराचे मूत्र साठवून तपासले. एरवी नावापुरते जाणारे प्रथिन माझ्या मूत्रातून सात ग्रॅम वाहून जात होते. रक्तदाब वाढलेला, रक्तातील चरबी वाढलेली. मग कमरेतून सुई घालून मूत्रपिंडाचा एक तुकडा काढला. शेवयीच्या तुकड्याएवढा असेल.

अहवाल इंग्रजीत आला. त्याचा मी मराठीत अनुवाद करू पाहिला आणि पहिल्याच ओळीत अडलो. मूत्रपिंडात रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म गुच्छ असतात. माझ्या तुकड्यात त्यांपैकी बावीस सापडले. तीन पूर्णपणे बुजलेले. सहांचा काही भाग कठीण झालेला, आपल्या वेष्टनाला चिकटलेला. उरलेले तेरा निरोगी. म्हणजे विकार काही गुच्छांना, आणि त्या गुच्छांच्याही काही भागांना. विकाराच्या नावाचा अर्थ एवढाच आहे: काहींच्या काहीत.

"सर, वण पडलेत," डॉक्टर म्हणाले.

"व्रण," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवले. "व्रण भरतो, सर. भरल्यावर जो राहतो तो वण. तुमच्या किडनीत वण हायत. मी बरोबरच बोललो."

ते बरोबर होते. बत्तीस वर्षे व्याकरण शिकवून मला हे लोह्याच्या माणसाकडून ऐकावे लागले. त्याहून वाईट म्हणजे, त्यांचे म्हणणे बरोबर असण्याचा अर्थ माझ्या ध्यानात घरी आल्यावर आला. मी मनोमन भरून येणारी गोष्ट धरून चाललो होतो.

"तेरा का वाचले?" असे मी विचारले.

"सांगता येत न्हाई."

"मग सहांनाच का?"

"तेही न्हाई, सर."

प्रत्येक अपवादाला काही तरी कारण असते, असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो. हा अहवाल मी अकरा वेळा वाचला आहे व दर वेळी मला तो थोडा कमी कळतो. हैदराबादेहून अधिक शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाचा दुसरा अहवाल आला, त्यात लिहिले आहे की गाळणीवर बसलेल्या पेशींना पाय असतात व माझ्या पेशींचे पाय पसरून सपाट झाले आहेत. पेशींना पाय! हे रूपक आहे की वर्णन, हेही मला ठरवता आले नाही.

आज येथेच थांबतो. प्रश्न राहिला आहे.

दि. ११ सप्टेंबर

दोन दिवस पत्र तसेच पडून होते. परवा मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. ती मी डॉक्टरांपासूनही लपवली होती, म्हणून काल पुन्हा त्यांच्याकडे जाऊन आलो.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले होते, "घरात कुणाला असं काही होतं का?" मी तत्काळ "नाही" म्हणालो. एका शब्दाचे, निर्दोष वाक्य. ते खरे नव्हते. तुझी इंदूआत्या उदगीरला वारली तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. ती एकेचाळीस वर्षांची होती. अखेरच्या वर्षी तिचा चेहरा ओळखू येत नसे, इतकी ती सुजली होती. सासरचे म्हणत, पाणी लागले. मी सर्वांना हृदयविकार सांगितला, कारण तो शब्द ऐकणारे पुढे काही विचारीत नाहीत.

डॉक्टरांनी ऐकून घेतले. "हे आधी सांगायचं होतं, सर. ह्या वयात दुसरी कारणं जास्त असत्यात. पण सख्खी बहीण अशी गेली असंल, तर रक्तातूनही आलेलं असू शकतं. मग घरातल्यांची लघवी तपासायची, रक्तदाब बघायचा. वण पडायच्या आधी सापडलं तर लई फरक पडतो. लेकरं किती?"

"एक मुलगी. लातूरला असते."

"तिला काही त्रास? सूज बीज?"

उर्वी, 'तिला विचारून सांगतो' एवढे म्हणून मी उठलो. कारण 'सूज' हा शब्द कानी पडताच मला तो पुन्हा दिसला, माझे पाय सुजल्यापासून रोज दिसतो तसा. शाईने लिहिलेला, तुझ्या अक्षरात, ऱ्हस्व.

तीन वर्षांपूर्वी तू मला चार पानांचे पत्र लिहिलेस. मी ते लाल शाईने तपासून तुला परत पाठवले. एकूण सत्तावीस दुरुस्त्या. तू त्यानंतर लिहिले नाहीस. त्या सत्तावीसपैकी तीन मला अक्षरशः आठवतात; तिन्ही एकाच वाक्यातल्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी तू लिहिले होतेस: 'पायावर सुज येऊन राहिली आहे, दाखवायचं आहे, पण सवड होत नाही.' मी 'सुज'चा उकार दीर्घ केला. 'येऊन राहिली आहे' खोडून 'येत आहे' केले. आणि समासात लिहिले: 'षष्ठी हवी. कोणाच्या?'

वाक्य आठवते. त्याच्या आधीचे वाक्य आठवत नाही, पुढचे आठवत नाही. तू स्वतःविषयी लिहीत होतीस, की प्रेमविषयी? माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा असेल. की तुझ्या सासूबाईंविषयी? महिनाभर मी आठवण्याचा यत्न करीत आहे. कधी वाटते, त्याच परिच्छेदात सासूबाईंच्या मधुमेहाचा उल्लेख होता. कधी वाटते, तो उल्लेख मीच आता, सोयीसाठी, तेथे नेऊन ठेवला आहे. माझ्याकडे पत्र नाही. मीच ते परत केले. तू फाडले असशील तर तो प्रश्नच मिटला.

मुली, 'कोणाच्या?' असे मी लिहिले होते खरे, परंतु मला उत्तर नको होते. मला पद हवे होते.

आणखी एक दुरुस्ती, माझी. तुझ्या लग्नाला मी आलो नाही. पत्रिकेत 'आशिर्वाद' असे ऱ्हस्व छापले होते म्हणून आलो नाही, असे मी गावभर सांगितले आणि लोक हसले. ते कारण नव्हते. कारण तुला ठाऊक होते, आदर्शरावांना ठाऊक होते आणि हसणाऱ्यांनाही ठाऊक होते. ते मी कधी उच्चारले नाही, कारण त्याचे शुद्ध रूप मला सापडत नव्हते.

तर प्रश्न एवढाच आहे: कोणाच्या पायांवर सूज येत होती? अजून येते का? चार ओळी लिहिण्याची गरज नाही. फोन कर आणि एक नाव सांग. जसे येईल तसे बोल.

आणि उत्तर काहीही असो, तुझी व प्रेमची लघवी तपासून घे. सकाळची पहिली. पन्नास रुपयांत होते, दुखत नाही. सूज नसली तरी तपास; माझ्या बाबतीत फेस आधी आला होता. डॉ. श्रीनाथ यांच्या लातूरच्या मित्राचे नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. आदर्शरावांनी तपासण्याची गरज नाही. ते आपल्या रक्ताचे नाहीत.

हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी एकदा तुझ्या तोंडावर बोललो होतो. आज तेच वाक्य, शब्द न बदलता, पुन्हा लिहून झाले. प्रेमचे अर्धे रक्त त्यांचे आहे. त्या अर्ध्यावर माझी सारी भिस्त आहे.

आदर्शरावांना माझा जय भीम सांग.

तुझा,
आप्पा