सात नंबरचं एक सूत

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

टॅक्सीचं इंजिन अजून तुझ्या डोक्याइतकंच लवकर तापतं का? असो. आधी चांगली बातमी. पेट्रोलचे भाव उतरवायला सरकारने राखीव साठा बाजारात सोडायचा हुकूम काढलाय. आमच्या डेपोतल्या दहाही टाक्या उपसायच्या आहेत. आठवडाभरात तुझ्या पंपावर फरक दिसेल, तेव्हा सरकारी नोकर म्हणून मला दोन टोमणे कमी मार.

आता दुसरी गोष्ट, ही तुला कधी सांगितली नव्हती. मी इथे टाक्या मोजतो, बाबा मोजायचे तशाच. झाकण उघडायचं, पितळी वजनाची टेप तळापर्यंत सोडायची, कुठपर्यंत ओली झाली ते वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचं. नऊ टाक्या वहीप्रमाणे निघतात. सात नंबर नेहमी एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर जास्त दाखवते. सगळे हसून तिला सात नंबरची खोड म्हणतात. काल मी जुन्या वह्या चाळल्या. ही खोड सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी सुरू झालीय. त्याच सकाळी बाबा सात नंबर मोजायला गेले होते, आणि घरी परतले नाहीत.

तेव्हापासून त्या टाकीचा तळ कोणी पाहिलेला नाही. आता दिसेल.

आईला नमस्कार. राग आला तरी पत्र धाडच.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

भाव उतरला रे एकदाचा. महिनाभर स्टँडवर माशा मारत बसले होते, काल टाकी काठोकाठ भरली आणि दिवसभर गाडी पळवली. तुझ्या सरकारला माझ्याकडून एक फेरी फुकट.

पण ते दुसरं काढू नकोस. सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी सवय जुनीच आहे. वॉचमन तेव्हा म्हणाला होता की बाबा फाटकातून बाहेर गेले. टाकीचं झाकण वरून लावलेलं होतं. आत पडलेला माणूस वरून झाकण लावतो का? तू तीन वर्षांचा होतास, मी अकराची. दुसरं घर केलं असेल तुझ्या बाबांनी, हे शाळेत मला ऐकावं लागलं, तुला नाही. मी त्यांच्यावर सव्वीस वर्षं मन लावून रागावलेय. तो राग काढून घेतलास तर त्या जागी मी काय ठेवू?

आई अजूनही दिवेलागणीला दाराची कडी काढून ठेवते. तिला यातलं अक्षर कळवू नकोस.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ओरडले तरी.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

सात नंबर निम्मी झाली. खोड तशीच आहे. पातळी हातभर उतरली तरी सूत जास्त, दोन पुरुष उतरली तरी सूत जास्त. म्हणजे जे काही आहे ते तळाशी आहे. मी हिशेब मांडला. त्या टाकीत एक सूत म्हणजे सत्तर लिटर. ताई, एक माणूस बुडाला तर साधारण तेवढीच जागा घेतो.

म्हाताऱ्या फिटरकाकांकडे जाऊन आलो. ते रडले. त्या दिवशी त्यांना झाकण उघडं दिसलं, राहिलं असेल म्हणून त्यांनी लावून टाकलं. नंतर नोकरीच्या भीतीने बोलले नाहीत. वॉचमननेही अंदाजानेच सांगितलं होतं.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. हल्ली टेप वर ओढताना खालून कोणीतरी हलकेच धरून ठेवतं, लहान मूल पदर धरतं तसं. मग सोडतं.

सोमवारी टाकी रिकामी होईल. वारं खेळवून, मास्क लावून मीच उतरणार आहे. दोन दिवसांनी परत भरायला घेतील, स्वस्त आहे तोवर साठा करायचा हुकूम आहे. तू ये. पेट्रोल महाग ही सबब आता चालणार नाही.

वाट पाहतो. एवढा हट्ट पुरव.
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोमवारी तू वर आलास, मान हलवलीस, आणि मी चहासुद्धा न घेता गाडी वळवली. चुकलंच माझं. तळ कोरडा, ना हाड ना बूट, असं तू म्हणालास तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरून आले होते. त्यांना घरी न्यायला.

आता तू हसू नकोस. तुमच्या फाटकापासून गाडी जड चालतेय. चौदा वर्षं टॅक्सी चालवतेय, मागे किती जण बसलेत हे मला आरशात न बघता क्लचवरून कळतं. मागे एक जण आहे. डावीकडे. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं, काही निघालं नाही. गिऱ्हाइकं आपोआप उजवीकडे बसतात. काल एक बाई चढताना जरा सरकून घेता का म्हणाली, आणि मग मुकाट्याने उतरूनच गेली.

मी गाडी स्टँडवर ठेवते आणि घरी चालत जाते. आपल्या गल्लीत आणायचा धीर होत नाही. उगाच आशा नको रे, मला आणि आईला.

लगेच उत्तर दे.
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

सात नंबर पुन्हा भरली. मी तीनदा मोजली, मग साहेबांकडून मोजून घेतली. टेपवर आणि वहीत एकच आकडा. सूतभरसुद्धा जास्त नाही.

ताई, गाडी घरी ने.

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल दिवेलागणीला नेली. दारासमोर थांबले, मागे पाहिलं नाही. मागचं दार उघडलं नाही, पण गाडी डावीकडून उचलली गेली, उतारू उतरल्यावर उचलते तशी. आई उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शेजारी, खांद्याच्या जरा वर पाहिलं आणि म्हणाली, केवढा उशीर. मग आम्ही आत आलो आणि तिने कडी लावून घेतली. तिला कडी लावताना मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

चादरीवर डावीकडे ओलं होतं. पेट्रोलचा वास येत होता. धुतली नाही.

आई दोन कप चहा करते, एक खिडकीपाशी ठेवते. तो थंड होत नाही. मी अजून त्यांच्याशी बोललेले नाही. सव्वीस वर्षांचा अबोला एका संध्याकाळी कसा मोडणार? जीभच वळत नाही. पण आज सकाळी निघताना दारापाशी सवयीने येते म्हणाले, आणि मी हात लावायच्या आत कडी निघाली. आई तेव्हा अंघोळीला गेली होती.

रजा काढून लवकर ये. तुला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, ओळख द्यावी लागेल.

आईचे आशीर्वाद. त्यांचेही.
ताई