भ्रामरी आणि रहाटाचा रेडा

॥ श्री रूपनारायण प्रसन्न ॥

दिवेआगर,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८८०

ती. सौ. रतनअक्काच्या पायांवर धाकट्या केसरचं डोकं.

तुझं पत्र पावलं. इकडे सगळी देवाच्या दयेने बरी आहेत. सासूबाईंचा गुडघा दुखतो, आवाज मात्र ठणठणीत आहे. ह्यांना पडसं होऊन गेलं. रेडाही बरा आहे (त्याची खुशाली माणसांच्या रांगेत का लिहिली ते पुढे कळेल). भावोजींना पेन्शन झाल्यापासून ते दुपारीही झोपतात, त्यांच्या घोरण्याने तुझं ध्यान मोडतं आणि डॉक्टरांनी त्यांना हवापालट सांगितला आहे, हे वाचून जीव हळहळला. त्याबद्दल कागद उरला तर शेवटी लिहीन. हा कागद म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेलं पान आहे. पाठीमागे महालक्ष्मीचं चित्र आहे, तेव्हा पत्र वाचून झालं की कुणाच्या पायाखाली येऊ देऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावात संक्रांतीनंतर बालवाडी निघायची आहे आणि तिथे बाई नेमायची आहे, हे तुला मी कळवलंच होतं. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. एवढ्यावर काम व्हायला हवं होतं, पण माझं मॅट्रिक जितकं गावाला माहीत आहे त्याहून माझा राग जास्त माहीत आहे. सासूबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू पोरांना शिकवणार? अगो, तू पोरांकडे बघितलंस तरी ती आईच्या पोटात परत जातील." दुसरीकडे आमच्या आळीतल्या कृष्णाबाईचं नाव निघालं. ती सातवीची फायनल पास आहे आणि तिचा आवाज इतका गोड आहे की तिने हाक मारली तर आपल्याला मारली की देवाला, ते कळत नाही. म्हणून तू ती योगाची पुस्तिका पाठवलीस तेव्हा मला ती देवानेच पाठवली असं वाटलं (टपालखर्च तू केलास हे मी विसरलेले नाही). पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे देवापुढे बसून मी संकल्प सोडला: बालवाडीचं काम मिळेपर्यंत आवाज चढवायचा नाही. तसा मी आयुष्यात आणखी एकच संकल्प केला होता, मॅट्रिक व्हायचा, आणि त्या वेळीही घरचे हसलेच होते.

पहिला धडा अवधानाचा. जे काम हातात असेल त्यातच मन घालायचं, दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. मी दुधापासून सुरुवात केली. दूध तापत असताना मी दुसरं काही पाहिलं नाही, दुसरं काही मनात आणलं नाही. ते कडेने कसं थरथरतं, मध्ये कसं फुगतं, साय कशी डोंगरासारखी वर येते, आणि मग सगळं कसं चुलीत जातं, हे मी पूर्ण अवधानाने पाहिलं. पुस्तिकेत नुसतं साक्षी राहा असं लिहिलं आहे, भांडं उतरवा असं कुठेच नाही. मग जेवणाचं अवधान. प्रत्येक घास सावकाश, बत्तीस दातांनी. माझा पहिला भात संपेपर्यंत हे जेवून, हात धुऊन, दुकानावर जाऊन परत आले आणि सासूबाईंनी माझी दाढ दुखते असं समजून लवंग आणून ताटात ठेवली.  मी लवंग चावली. लवंगेचंही अवधान केलं.

पण माझा खरा भर भ्रामरीवर होता. डोळे मिटून, ओठ मिटून, भुंग्यासारखा लांब सूर काढायचा, म्हणजे राग नाकावाटे निघून जातो. घरात बसायला जागा नाही, कारण ओटी, माजघर, देवघराची पायरी, सगळीकडे सुपारी. म्हणून मी पहाटे विहिरीच्या कट्ट्यावर बसू लागले. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की पुस्तिकेत सांगितलेला आतला नाद मला लवकरच ऐकू आला, आणि तो वाहत्या पाण्यासारखा आहे. तू त्यावर उलट टपाली लिहिलंस की तुला इतके महिने बसूनही नुसतं घोरणं ऐकू येतं, आणि माझं पूर्वपुण्य मोठं. अक्का, ते पूर्वपुण्य मी परत करते. नाद खरा होता, पण बाहेरचा होता.

झालं होतं ते असं. तू सासरी मुंबईला गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तू पोफळीच्या वाडीचं शिंपणं विसरली असशील. रहाटाच्या रेड्याच्या डोळ्यांना झापडं बांधतात. त्याला दिसत काही नाही, म्हणून मागच्या आडव्या लाकडावर बसलेला माणूस सारखा हुंकार धरून असतो. हुंकार चालू म्हणजे मालक मागे आहे, आणि हुंकार थांबला म्हणजे मालकाला झोप लागली, आपणही थांबावं, असा रेड्याचा आणि माणसाचा करार असतो. आमचा रहाटवाला रघू हा करार सोळा आणे पाळत आला होता. आता त्याने पाहिलं की वहिनी पहाटे येऊन बसतात आणि आपोआप हुंकार निघतो. तो रेड्याला, आमच्या सावळ्याला, जुंपायचा आणि घोंगडी घेऊन पोफळीच्या बुंध्याशी आडवा व्हायचा. मी डोळे मिटून मन शांत करत होते आणि सावळ्या माझ्या मनःशांतीवर अख्खी वाडी शिंपत होता. एका सकाळी नाकावर माशी बसली म्हणून मी डोळे उघडले तेव्हा हे दर्शन झालं. मी रघूला उठवलं (हळू आवाजात, संकल्प होता). तो म्हणाला, "वयनी, रागवू नका. त्यो तुमच्या सुरात बरा चालतो. माज्या सुरात ठेचकालतो." मी विचार केला. माझी साधना होते, वाडी शिंपली जाते, कुणाचं काही जात नाही. फुकट गेलेला सूर कामी आला तर देवाला राग का यावा? पैठणच्या रेड्याची थोरवी वेगळी, आमच्याने निदान पाणी तरी ओढलं. मी पुढे तसंच चालू ठेवलं, आणि इथेच चुकले.

गेल्या गुरुवारी दुपारी तालुक्याहून मुख्यसेविका चंद्राबाई बाई पाहायला आल्या. आधी कृष्णाबाईकडे चहा झाला, मग आमच्याकडे. माझा गुरुवारचा उपास होता, अंगावर धुवट लुगडं होतं, मन स्थिर होतं. चंद्राबाई ओटीवर चटईवर बसल्या, हे कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि सासूबाई गुडघा धरून बरोबर चंद्राबाईंच्या शेजारी बसल्या. समोर अंगणातल्या खळ्यात यंदाची सगळी सुपारी वाळत होती. त्या सुपारीवर आमचं वर्ष निघतं. एकदा पाणी लागलं की तिला बुरशी धरते आणि श्रीवर्धनचा व्यापारी हातात घेऊन नुसता हसतो.

चंद्राबाईंनी विचारलं, सूनबाईंचा स्वभाव कसा आहे? सासूबाई म्हणाल्या, "सोन्यासारखा. तापला की मात्र हात लावायचा नाही." आणि त्यांनी मी देवळातल्या गुरवाला निर्माल्याच्या टोपलीवरून काय बोलले ते सांगायला घेतलं. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी ओठ मिटले आणि बारीक भ्रामरी धरली. खळ्याच्या कडेच्या विहिरीकडून रहाटाची कुरकुर ऐकू आली. रघू दुपारच्या शिंपण्याला सावळ्याला जुंपून, वाडीकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड तेवढ्यापुरतं चिखलाने बंद करून बिडी ओढायला गेला होता, हे मला नंतर कळलं. गुरव संपला. सासूबाईंनी सरपंचांच्या शेळीची गोष्ट काढली. मी सूर वाढवला. कुरकुरही वाढली. चंद्राबाईंनी विचारलं, "काही स्तोत्र म्हणता का?" मी म्हटलं, मन शांत करते आहे. तेवढ्यात पाटाच्या काठावरून पाणी खळ्यात उतरताना मला दिसलं.

अक्का, ते पाणी पाहून मला जो राग आला तो आवरण्यासाठी मी भ्रामरी आणखी मोठी केली. याला मी काय करू? पुस्तिकेत तसंच लिहिलं आहे. मी जितकी शांत होत होते तितका सावळ्या जोरात पळत होता. पाणी सुपारीच्या पहिल्या रांगेपाशी आलं. चंद्राबाईंच्या चपला पायरीवरून उठून चालू लागल्या. ह्यांनी पाय वर घेतले आणि पान उलटलं. मग मी गप्प राहून पाहिलं, पण रेडा आता वेगात होता. मी गप्प बसले म्हणून थांबणारा तो राहिला नव्हता. त्याला थांबवणारी एकच गोष्ट आपल्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ती न करण्याचा मी देवापुढे संकल्प सोडला होता. एका बाजूला बालवाडी, एका बाजूला वर्षाची सुपारी. मी देवघराकडे हात जोडले, पोटातून श्वास घेतला (इतके दिवस पहाटे कमावलेला सगळा तिथेच होता) आणि ओरडले, "होऽऽ!"

सावळ्या जागच्या जागी थांबला. आळीतली कुत्री थांबली. सासूबाई शेळीच्या मध्यावर थांबल्या. ह्यांच्या हातातून वर्तमानपत्र पडलं. किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या कान्हानेही हातातलं जाळं टाकून हात वर केले, असं त्याने संध्याकाळी येऊन सांगितलं. सुपारीची एकच रांग भिजली.

मी मनातल्या मनात बालवाडीच्या नावाने अंघोळ करून मोकळी झाले आणि खाली उतरून चंद्राबाईंच्या चपला आणून दिल्या. त्यांनी त्या पायात घातल्या, पचक असा आवाज झाला, आणि विचारलं, "हाच आवाज रोज निघेल का?" मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, "बाई, तुमची बालवाडी देवळाच्या धर्मशाळेत, समुद्राच्या अंगाला. दार उघडं आणि मुलं एवढी एवढी. ती लाटांकडे पळाली तर कृष्णाबाईंचा आवाज उंबऱ्यापर्यंतसुद्धा जायचा नाही. तो मी आज चहाच्या वेळीच पाहिला." आणि माझं नाव मुक्रर करून त्या ओल्या चपलांनी गेल्या.  सासूबाई म्हणाल्या, "आवाज माझ्यावर गेलाय." त्यांनी स्वतः उठून मला रताळं उकडून दिलं.

तेव्हा तुझ्या आशीर्वादाने संकल्प सिद्धीस गेला. तो मोडल्यामुळे गेला, हे देवाला मी सांगितलं आहे. त्याने अजून काही म्हटलेलं नाही. मुलांना पापे, भावोजींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

तुझी,
केसर

ता. क. तुझी पुस्तिका टपालाने परत पाठवत नाही, उगाच खर्च. भावोजींच्या हाती देईन. म्हणजे त्यांना यावं लागेल.

ता. क. २. कागद उरला आहे म्हणून लिहिते. संक्रांतीपासून मी सकाळीच बालवाडीत जाणार. इकडे सावळ्या आता रघूच्या सुरावर पाऊल टाकत नाही. ह्यांनी हुंकार देऊन पाहिला, तर रेडा खाली बसला. भावोजींना हवापालट हवाच आहे, तुलाही ध्यानाला शांतता हवी आहे, आणि आमच्या विहिरीपाशी पोफळीच्या गार सावलीत एक बाज घालता येते. पावसापर्यंत राहोत. जेवणाखाण्याचं काही म्हणू नकोस, घरचाच माणूस.

ता. क. ३. उलट टपाली एवढं कळव: भावोजींचा सूर एकसारखा लांब असतो की मध्ये अडकतो? अडकत असेल तर नारळाच्या काथ्याची उशी देऊन बघते. त्यांना ह्यातलं काही सांगू नकोस, फक्त म्हण, केसर तुमच्या तब्येतीसाठी फार काळजी करते. ते खोटं नाही. आणि येईपर्यंत त्यांना कुशीवर झोपू देऊ नकोस, सूर जातो.