खंडेनवमी, सकाळी दहा चाळीस

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. सकाळी १०.४०

वेळ आधी लिहून ठेवते. १०.४० ला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने, राजेंद्रने, इमारतीचा मेन स्विच खाली ओढला आणि माझा कॉम्प्युटर मेला.

नुकताच चालू केला होता. काळ्या पडद्यावर आकडे सरकत होते – हल्ली रोजच सरकतात. बारा टक्के, तेरा टक्के – आणि अंधार!

खाली गेले. मीटरच्या खोलीत पंपाला, बोर्डाला, वॉचमनच्या शिडीलासुद्धा झेंडूच्या माळा. राजेंद्र कुंकू कालवत होता. म्हणतो, "मॅडम, खंडेनवमी आहे. चालू लाईनला ओलं कुंकू लावून मरू का?"

"मर!" म्हणाले आणि ताटातला नारळ फेकला. नेम मेन स्विचवर होता. बसला कपाळावर. रक्त थेट हळदीत. वॉचमन लखन किंचाळला, "आयो! बाईंनी सायबावरच नारळ फोडला!"

वाईट वाटले नाही. दुसरा नारळ असता तर तोही फेकला असता.

त्याच दिवशी, दुपारी

कस्तुराबाईंची फाईल उघडत नाही. नऊ वेळा करून पाहिले. "फाईल खराब आहे." नऊ वेळा तेच.

वलवणच्या वरच्या वाडीतली ही म्हातारी. मे महिन्यात तीन तास बोलली. कुठल्या आंब्याखाली सासऱ्याला पुरले, नाचणी कुठपर्यंत पेरायचे, कुठल्या दगडापासून जंगल लागते. वनहक्काच्या दाव्यात वाडीकडे तेवढाच पुरावा. सुनावणी १६ तारखेला. तिची नात कोमल, माझी जुनी विद्यार्थिनी, हिने ते फोनवर रेकॉर्ड केले. मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि फोनमधून पुसायला लावले. फोन हरवतात, माझ्याकडे काही हरवत नाही. टाईप करून देणार होते. मध्येच मोतीबिंदू निघाला, काम राहिले. जुलैत म्हातारी गेली. ते पाहिलेले दुसरे कोणी उरले नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

राजेंद्रला तीन टाके. त्याची बायको सविता दारात. "सोनं द्यायला आले नाही. लाज वाटते का, एवढंच विचारायला आले."

"वाटते. नेम चुकला त्याची."

शनिवार, ४ ऑक्टोबर

फाईल मारल्याबद्दल राजेंद्रला नोटीस दिली. १० तारखेला सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर. तोंडी उत्तर चालणार नाही – एकतीस वर्षे वर्गात हेच शिकवले.

तो म्हणे, लिफ्टजवळ दोन दिवस आधी कागद लावला होता. लावला होता! "विज पुरवठा" – ऱ्हस्व! मीच लाल पेनने दुरुस्त केला होता. वेळ वाचायची राहिली. असल्या अक्षरात कोण वेळ वाचणार?

कोमल बापाला घेऊन आली. "बाई, आजीचा आवाज गेला म्हंजे?"

"राजेंद्रने मारला," म्हणाले. "माझ्या अंगात जोर असता तर ज्या उजव्या हाताने स्विच ओढला तोच मोडला असता!"

तिचा बाप नथू उंबऱ्याबाहेर बसला होता. चहाला हात लावला नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी

काल संध्याकाळी धरणाच्या रस्त्यावर नथूने राजेंद्रला स्कूटरवरून ओढला. हात दोन ठिकाणी मोडला. उजवाच. पोलिसांनी नथूला आज सकाळी उचलला.

मी दोन पोळ्या खाल्ल्या. चवीने.

त्याच दिवशी, साडेचार

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला अमृत येऊन गेला. शब्द विसरण्याआधी लिहिते.

"बाई, ते आकडे कधीपासून येत्यात?"

"ऑगस्टपासून."

"आदल्या दिवशी नीट बंद झाला न्हाई तरच येतात. तुमी बंद कसा करता?"

"कसा म्हणजे? आठ वाजले की भिंतीवरचे बटन. काम संपले, बटन बंद. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी लावलेली शिस्त."

त्याने पडद्यावर यादी काढली. रोज रात्री आठ – अचानक बंद. अचानक बंद. अचानक बंद. पानेच्या पाने. म्हणाला, "आतली डिस्क त्या टायमाला लिहीत असते. आधी शट डाउन करायचं, पडदा विझला की मग बटन. तुमी तर लिहिनाराचा हातच तोडत व्हता. रोज."

"माझी फाईल कधी गेली?"

"बावीस सप्टेंबरला. घटस्थापनेला."

"खंडेनवमीला नाही? तेव्हा लाईट गेली होती."

"तवा ती मेलेलीच व्हती, बाई. परत न्हाई यायची."

त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो जाताना भिंतीवरचे बटन बंद करून गेला नाही. मीही केले नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सायंकाळी ७

कोमलने लखनकडे चिठ्ठी ठेवली होती. अक्षर माझ्यासारखेच वळणदार:

"बाई, राजेंद्रने आजीचा आवाज कसा मारला ते तुमच्या हाताने लिहून, सही करून द्या. बाबांना कोर्टात उभे करणार आहेत. उद्या सकाळी अकराच्या आत. तोंडी नको."